शॉट टायमर घ्यायचाय? आधी त्याचे कान तपासा

"कुठला टायमर घेऊ?" असं कुणी विचारलं की माझा उलटा प्रश्न ठरलेला असतो: तुम्ही मारता काय?

बेळगाव, खानापूर, निपाणी, हल्याळ या पट्ट्यात नेमबाजी शिकणाऱ्या बहुतेक पोरापोरींच्या हातात १० मीटरचं एअर पिस्तूल नाहीतर एअर रायफल असते. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्यपदक जिंकलं आणि इकडच्या पालकांच्या चौकशा वाढल्या. पोरगं रेंजवर जायला लागलं की महिनाभरात यादी येते: बूट, जॅकेट, चष्मा, आणि कुठंतरी व्हिडिओत बघितलेला तो बीप वाजवणारा डबा, म्हणजे शॉट टायमर, गोळ्यांची वेळ मोजणारं यंत्र. गंमत अशी की स्वप्नीलच्या प्रकारात, म्हणजे ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये, शॉट टायमरला काही काम नाही. १० मीटर एअर पिस्तूललाही नाही. इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर ६० गोळ्यांना ७५ मिनिटं मिळतात. दोन गोळ्यांमध्ये किती शतांश सेकंद गेले याच्याशी तिथं कुणाला देणंघेणं नाही. पॅरिसच्या फायनलमध्ये शेवटच्या टप्प्यात एकेका गोळीला ५० सेकंद होते. तेवढा सराव मोबाइलमधल्या साध्या टायमरवर होतो. तेव्हा एअरवाल्यांनी हे पैसे चांगल्या पेलेटवर, म्हणजे छऱ्यांवर, घालावेत. हा लेख इथंच सोडला तरी चालेल.

टायमर लागतो तो जिथं गोळ्या भराभर सुटतात तिथं. २५ मीटर रॅपिड फायर पिस्तूलमध्ये पाच टार्गेटवर पाच गोळ्या मारायच्या असतात, आधी ८ सेकंदांत, मग ६, मग ४. सुरुवातीला हात ४५ अंशांत खाली धरलेला. विजय कुमारनं २०१२ ला लंडनमध्ये रौप्य मिळवलं ते याच प्रकारात. कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये सुवर्ण जिंकलं तो प्रकार महिलांच्या २५ मीटर पिस्तूलचा. त्याच्या दुसऱ्या टप्प्यात मारायला ३ सेकंद मिळतात, मग साधारण ७ सेकंद थांबायचं, पुन्हा ३ सेकंद, असं पाच वेळा. दर खेपेला एकच गोळी. तिसरा गट आयपीएससीसारख्या (इंटरनॅशनल प्रॅक्टिकल शूटिंग कॉन्फेडरेशन) प्रॅक्टिकल शूटिंगचा. ही संघटना १९७६ ला अमेरिकेत मिझुरी राज्यातल्या कोलंबिया गावी स्थापन झाली. तिथं मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागतात. ६० गुण ८ सेकंदांत मिळवले तर भागाकार ७.५, तेच १० सेकंदांत मिळवले तर ६. वेळ मोजण्यात घोळ झाला की थेट गुणांत घोळ. शॉट टायमर खरा वाढला तो या खेळात.

डबा करतो काय, ते आधी बघू. तुम्ही बटण दाबता. यंत्र थोडं थांबतं, मग बीप वाजवतं आणि त्याच क्षणी घड्याळ सुरू करतं. प्रत्येक गोळीचा आवाज आतल्या मायक्रोफोनला लागला की त्या क्षणाची नोंद होते. शेवटी पडद्यावर पहिली गोळी किती वेळात सुटली, पुढच्या गोळ्यांमधलं अंतर किती, आणि शेवटची गोळी कधी, असे आकडे दिसतात. दोन गोळ्यांमधल्या अंतराला स्प्लिट म्हणतात. शिवाय पार टाइम नावाची सोय असते: तुम्ही ४ सेकंद लावले तर सुरुवातीच्या बीपनंतर ४ सेकंदांनी दुसरा बीप वाजतो.

हे सगळं कोचच्या हातातल्या स्टॉपवॉचनं का होत नाही? एक तर माणसाचा अंगठा आवाजाला उत्तर देईपर्यंत दीड-दोन दशांश सेकंद जातात, आणि दर वेळी सारखे जात नाहीत. दुसरं म्हणजे ४ सेकंदांच्या सिरीजमध्ये, म्हणजे एका दमात मारायच्या पाच गोळ्यांत, नेमकी अडचण कुठं आहे ते एकूण वेळ सांगत नाही. समजा पहिली गोळी १.६ सेकंदाला सुटली. उरले २.४ सेकंद, त्यात चार गोळ्या, म्हणजे दर गोळीला ०.६. पोराचे स्प्लिट ०.५५, ०.५८, ०.५६, ०.८० असे दिसले तर शेवटच्या टार्गेटवर तो घाबरून थांबतोय हे लगेच कळतं. पहिलीच गोळी २.१ ला सुटत असेल तर दुखणं हात उचलण्यात आहे. स्टॉपवॉचवर हे दोघंही सारखेच 'उशीर झाला' म्हणून निघतात.

आता निवडीचं. खोक्यावर 'अचूकता ०.०१ सेकंद' असं ठळक छापलेलं असतं. त्यावर जाऊ नका. आतलं घड्याळ क्वार्ट्झ स्फटिकावर चालतं, आणि अगदी सामान्य स्फटिकही लाखात दहा भागांपेक्षा जास्त चुकत नाही. १० सेकंदांच्या सिरीजमध्ये ही चूक फार तर एक सहस्रांश सेकंद. स्वस्तातल्या टायमरचं घड्याळही तुमच्या गरजेपेक्षा कितीतरी बरं असतं. टायमर बिघडतो तो कानात: तुमची प्रत्येक गोळी त्यानं ऐकली का, आणि तुमच्या गोळीशिवाय दुसरं काही ऐकलं नाही ना? विश्वासू टायमर म्हणजे एवढंच. ते खोक्यावर छापलेलं नसतं आणि एका रेंजवरचं उत्तर दुसऱ्या रेंजवर लागू पडेलच असंही नाही.

मायक्रोफोनला बंदुकीचा आवाज ओळखता येत नाही. त्याला फक्त मोठा आवाज कळतो. यंत्रात एक पातळी ठरवलेली असते. आवाज तिच्या वर गेला की 'गोळी' अशी नोंद. ही पातळी खाली-वर करण्याला सेन्सिटिव्हिटी म्हणतात. सेन्सिटिव्हिटी फार वाढवली, म्हणजे पातळी फार खाली आणली, तर शेजारची गोळी, टाळी, दाराचा धक्का, सगळं तुमच्या खात्यावर पडतं. फार कमी केली तर तुमचीच एखादी गोळी सुटून जाते. चाळीत कुकरच्या शिट्ट्या मोजताना शेजारणीच्या कुकरची शिट्टी आपल्यात धरली जाते ना, तसलाच हा प्रकार. डाळ कच्ची राहते आणि हिशेब मात्र पुरा.

शेजारच्या लेनचा त्रास आपल्याकडं जास्त, कारण जागा अपुऱ्या आणि नेमबाज खांद्याला खांदा लावून उभे. आवाजाचं गणित इथं थोडं मदतीला येतं. मोकळ्या जागी अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनं उतरतो. तुमचा टायमर तुमच्या नळीपासून अर्ध्या मीटरवर आणि शेजाऱ्याची नळी दोन मीटरवर असेल, तर अंतर चौपट, फरक साधारण १२ डेसिबलचा. पातळी त्या दोन आवाजांच्या मधोमध बसवली की काम झालं. पण तुम्ही टायमर मागच्या खुर्चीवर ठेवला तर तुमची नळी आणि शेजाऱ्याची नळी त्याला जवळपास सारख्याच अंतरावर. मग जगातला कुठलाही टायमर गोंधळणारच. म्हणून नव्या यंत्राला शिव्या घालण्याआधी ते कुठं ठेवलंय ते बघा. टेबलवर, आपल्या बाजूला, लेनच्या फळीच्या आतल्या अंगाला, माइकचं भोक शेजाऱ्याकडून फिरवलेलं. पट्ट्याला अडकवायचं असेल तर हात, जॅकेट किंवा कापड माइकवर येत नाही ना ते पाहायचं.

दुसरा चोर म्हणजे प्रतिध्वनी. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. समोरची भिंत १० मीटरवर असेल तर जाऊन-येऊन २० मीटर, म्हणजे ०.०५८ सेकंदानं तुमच्याच गोळीचा आवाज परत टायमरवर आपटतो. बंदिस्त रेंजमध्ये, वर पत्रा आणि तिन्ही बाजूंनी चिऱ्याच्या भिंती असल्या की हा परतीचा आवाजही चांगला दणकट असतो. टायमर म्हणतो दोन गोळ्या झाल्या, मध्ये ०.०६ सेकंद. हा आकडा पाहिला की ओळखायचं. जेरी मिक्युलेक या अमेरिकन नेमबाजाच्या नावावर रिव्हॉल्व्हरमधून ८ गोळ्या १ सेकंदात मारण्याचा विक्रम आहे, १९९९ चा. भागाकार करून बघा; दोन गोळ्यांतलं अंतर ०.१२ ते ०.१४ च्या आसपास येतं. आपल्या पोराचा स्प्लिट ०.०६ दिसत असेल तर ते पोराचं कर्तृत्व नव्हे, भिंतीचं आहे.

यावर उपाय म्हणून टायमर एक नोंद झाल्यावर थोडा वेळ कान बंद करतो. काही यंत्रांत हा वेळ कारखान्यातच पक्का केलेला असतो, काहींत तो आपल्याला बदलता येतो. बदलता येणारा असेल तर तोच घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि त्याचं कारण आपल्या खेळात आहे. आयपीएससीवाल्याला एकाच टार्गेटवर दोन गोळ्या ०.१५ ते ०.२० सेकंदांच्या अंतरानं मारायच्या असतात. त्यानं कान जास्त वेळ बंद ठेवला तर खरी दुसरी गोळीच निसटेल. पण २५ मीटर रॅपिड फायरमध्ये एका टार्गेटवरून दुसऱ्या टार्गेटवर जायचं असतं, टार्गेटमधलं अंतर ७५ सेंटिमीटर, आणि स्प्लिट अर्ध्या सेकंदाच्या आसपास. त्यानं कान खुशाल ०.२० सेकंद बंद ठेवावेत. प्रतिध्वनी आपोआप गळून पडतो आणि एकही खरी गोळी जात नाही. बाहेरच्या व्हिडिओंत हे सांगत नाहीत, कारण तिकडं टायमर घेणारे बहुतेक प्रॅक्टिकल शूटिंगवाले असतात.

त्या व्हिडिओंची आणखी एक अडचण. त्यात दिसतं ते बहुतेक वेळा ९ मिलिमीटरचं पिस्तूल. आपल्याकडं ते सामान्य नागरिकाच्या परवान्यावर मिळत नाही. आपला सराव .२२ चा, म्हणजे ०.२२ इंच जाडीच्या छोट्या गोळीच्या पिस्तुलाचा. .२२ चा आवाजही कानाला इजा करण्याइतका मोठा असतो, इयरमफशिवाय (कान झाकणाऱ्या वाट्यांशिवाय) उभं राहू नये, पण तो ९ मिलिमीटरपेक्षा कमीच. तिकडचा कुणीतरी 'सेन्सिटिव्हिटी मधल्या आकड्यावर ठेवा, झकास चालतो' म्हणतो, आणि इथं .२२ ला तोच टायमर दोन गोळ्या ऐकतो, तिसरी सोडतो. विकत घेताना विक्रेत्याला नेमकं विचारा: .२२ पिस्तुलावर, बंद जागेत, कुणी वापरलाय का?

आणि एअर पिस्तुलावर शॉट टायमर लावायचाच हट्ट असेल, तर एक मजेशीर गोष्ट होते. आवाज बारीक, म्हणून सेन्सिटिव्हिटी वर न्यावी लागते. एअर पिस्तुलाची पेलेट सेकंदाला साधारण १५० मीटर जाते, म्हणजे १० मीटरवरच्या लोखंडी पेटीत आदळायला तिला ०.०६७ सेकंद लागतात. तो 'टण्' आवाज परत यायला आणखी ०.०२९. चाप ओढल्यानंतर जवळजवळ ०.१ सेकंदानं टायमर दुसरी गोळी मोजून मोकळा. जून ते सप्टेंबर तर विचारूच नका. खानापूरकडचा पाऊस पत्र्यावर कोसळायला लागला की इतक्या वर नेलेल्या सेन्सिटिव्हिटीवर टायमर आपणहूनच सिरीज मारत सुटतो. एअरवर किंवा गोळीशिवाय सराव करताना आवाज ऐकणाऱ्या यंत्रापेक्षा पिस्तुलाला बसवायचा हालचाल मोजणारा सेन्सर बरा. मँटिस एक्स हे त्यातलं माहितीचं नाव. त्याला शेजाऱ्याची गोळी ऐकूच येत नाही, कारण तो ऐकत नाही, पिस्तुलाचा धक्का बघतो.

इथवर यंत्राच्या कानांचं झालं. आता माणसाच्या.

बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर आहे आणि आसपासच्या गावोगाव निवृत्त जवान. नेमबाजी शिकवायला, रेंज सांभाळायला हीच मंडळी पुढं असतात. वर्षानुवर्षं गोळीबार ऐकलेल्या कानाचं एक लक्षण असतं: ऐकणं सगळ्यात आधी जातं ते ३ ते ६ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात, आणि त्यातही ४ हजारच्या आसपास. टायमरमधला बीप काढणारा छोटा पिझो बझर वाजतो तो साधारण २ ते ४ हजार हर्ट्झच्या दरम्यान. म्हणजे बोलणं नीट ऐकू येणाऱ्या माणसालाही बीप नेमका ऐकू येत नाही, आणि वरून इयरमफ. मग रेंजवर तो ठरावीक संवाद घडतो: "वाजलं काय गा?" "वाजलं की सुभेदार साहेब, कवाच!" आणि पहिल्या गोळीचा आकडा २.४ सेकंद. त्यात हाताचा दोष काहीच नसतो.

म्हणून टायमर दुकानातल्या शांततेत वाजवून घेऊ नका. इयरमफ घालून, दोघंतिघं फायर करत असताना वाजवा. बीपचा आवाज आणि शक्य असेल तर सूरही बदलता येतो का बघा. वयस्कर कानांना खालचा सूर बरा लागतो. काही यंत्रांत थरथर किंवा दिव्याची सोय असते. इलेक्ट्रॉनिक इयरमफ असतील तर ते बीपसारखा मध्यम आवाज आत सोडतात आणि गोळीचा धमाका दाबतात. टायमरवर जास्तीचे पैसे घालण्यापेक्षा ते कधी कधी चांगल्या इयरमफवर घातलेले बरे.

आता दिव्याचं निघालंच आहे तर एक मुद्दा, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि ज्याकडं क्लबांत फारसं लक्ष जात नाही. ऑलिम्पिकच्या २५ मीटर प्रकारांत सुरुवात बीपवर होत नाही. आधी लाल दिवा असतो, मग हिरवा लागतो, की हात उचलायचा. माणूस आवाजाला साधारण ०.१५ सेकंदात उत्तर देतो, प्रकाशाला साधारण ०.२० सेकंदात. रोज बीपवर सराव करणारी पोरगी स्पर्धेत हिरव्या दिव्यावर ५ शतांश उशिरा हलते. ३ सेकंदांत ५ शतांश म्हणजे काही आभाळ कोसळत नाही. पण कान ताणून उभं राहणं आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून दिवा पकडणं या दोन वेगळ्या सवयी आहेत, आणि सवय चुकीची लागली की स्पर्धेत पहिल्या सिरीजला पोरगी बिचकते. बेळगावच्या मुलांना राज्य स्पर्धेसाठी कर्नाटक राज्य रायफल संघटनेच्या छत्राखाली बेंगळुरूच्या बाजूला जावं लागतं, पाचशे किलोमीटर. एवढ्या लांब जाऊन दिव्याची ओळख करून घेणं परवडत नाही. २५ मीटरवाल्यानं दिवा असलेला किंवा बाहेरचा दिवा जोडता येणारा टायमर शोधावा. नसेलच तर टायमर फक्त स्प्लिट मोजायला ठेवावा आणि सुरुवात लाल-हिरव्या दिव्यावर करावी. वायरमनकडून दोन एलईडी आणि एक स्विच जोडून घेतला तरी सराव होतो.

बीपआधीचा थांबाही तपासून घ्या. आयपीएससीत 'स्टँडबाय' म्हटल्यावर १ ते ४ सेकंदांत कधीही बीप वाजतो. टायमरमध्ये हा थांबा दर वेळी बदलता हवा. ठरावीक ३ सेकंदांचा थांबा असेल तर चार खेपांत शरीराला तो पाठ होतो आणि पोरगं बीपच्या आधीच निघतं. आकडे सुंदर येतात, शिकणं शून्य.

मोबाइलवरचं ॲप चालेल का? हा प्रश्न येणारच, कारण ॲप फुकट आणि टायमर परदेशी, त्यावर कस्टम्सचं शुल्क. उत्तर अर्धं हो, अर्धं नाही. मोबाइलचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो. मोठा आवाज आला की फोन आपणहून आवाज कमी करतो, पार्श्वभूमीतला गोंगाट पुसायला बघतो, आणि कधी त्यात गोळीच पुसली जाते. शिवाय ॲपनं 'वाजव' म्हटल्यापासून स्पीकरमधून बीप बाहेर पडेपर्यंत थोडा वेळ जातो. इयरमफखाली ब्लूटूथ इयरफोन घातला तर हा उशीर दीड-दोन दशांश सेकंदांवर सहज जातो. पण नीट विचार केला तर या उशिरानं बिघडतो तो फक्त पहिल्या गोळीचा आकडा. स्प्लिट म्हणजे दोन नोंदींची वजाबाकी. दोन्हीत सारखाच उशीर असेल तर वजाबाकीत तो उडून जातो. तेव्हा ॲपनं सगळ्या गोळ्या पकडल्या तर त्याचे स्प्लिट बऱ्यापैकी खरे, पहिल्या गोळीचा वेळ खोटा. घरी गोळीशिवाय सराव करताना पार टाइमसाठी ॲप पुरेसं आहे. त्या सरावाआधी पिस्तूल दोनदा उघडून रिकामं आहे हे बघायचं, गोळ्या त्या खोलीतही ठेवायच्या नाहीत, आणि समोर भक्कम भिंत हवी. .२२ पिस्तुलाचा चाप रिकाम्या चेंबरवर वारंवार ओढला तर पिन चेंबरच्या काठावर आपटून काठ खराब होऊ शकतो. आत डमी, म्हणजे नकली गोळी, घालावी किंवा पिस्तुलात ड्राय फायरची (गोळीशिवाय चाप ओढण्याची) सोय असेल तर ती वापरावी.

टायमर हातात आल्यावर त्याची परीक्षा घ्यायला अर्धा तास पुरतो. पहिल्यांदा रेंज रिकामी असताना पाच गोळ्या सावकाश मारा. पाच नोंदी हव्यात, साडेचार नकोत आणि सहाही नकोत. मग टायमर सुरू करून तुम्ही गप्प उभे राहा आणि शेजारच्याला मारू द्या. शून्य यायला हवं. शून्य येत नसेल तर सेन्सिटिव्हिटी एकेक घर खाली आणा आणि पुन्हा आपल्या पाच गोळ्या मारून बघा. तुमच्या पाच आणि शेजाऱ्याचं शून्य, हे दोन्ही एकाच आकड्यावर जमलं की तो आकडा लिहून ठेवा. जमतच नसेल तर टायमर त्या जागेसाठी निकामी, मग तो कितीही नावाजलेला असो.

आकड्यांचा खरेपणा तपासायला दुसरा टायमर उसना मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तरी अडत नाही. कुणाच्याही मोबाइलवर त्या सिरीजचं रेकॉर्डिंग करा, घरी येऊन ऑडॅसिटी या फुकट सॉफ्टवेअरमध्ये उघडा. फोननं एखादी गोळी पुसली नसेल तर गोळ्यांचे उभे सुळके स्पष्ट दिसतात. एका सुळक्याच्या सुरुवातीपासून दुसऱ्याच्या सुरुवातीपर्यंत माऊसनं ओढलं की मधला वेळ सहस्रांश सेकंदात समोर येतो. टायमरचे स्प्लिट त्याच्याशी एक-दोन शतांशाच्या आत जुळायला हवेत. एकच स्प्लिट भलताच निघाला तर त्या जागी टायमरनं काहीतरी वेगळंच ऐकलंय. प्रतिध्वनी किती जोरकस आहे तेही त्याच चित्रात मुख्य सुळक्यामागच्या छोट्या सुळक्यावरून दिसतं, आणि कान किती वेळ बंद ठेवायचे ते अंदाजानं ठरवायची गरज राहत नाही.

बाकीच्या गोष्टी झटपट. पडदा उन्हात वाचता येतो का, हे दारात नेऊन बघा. काही चकचकीत पडदे खोलीत झकास दिसतात आणि उघड्या रेंजवर काळेठिक्कर. बॅटरी ९ व्होल्टची असेल तर ती बेळगावच्या खडेबाजारात कुठंही मिळते. आतल्या चार्जिंगच्या बॅटरीचं यंत्र हलकं आणि सुटसुटीत, पण चारेक वर्षांनी ती बॅटरी बसली की बदलणार कोण, हे आधी विचारा. बटणं घामट हातांनी दाबता यायला हवीत. ब्लूटूथ आणि ॲप असलं तर नोंदी ठेवायला छान, पण फोनशिवाय यंत्र पूर्ण चालत नसेल तर माझ्या लेखी ते बाद. कंपनीनं उद्या ॲप बंद केलं की हातात डबा उरतो. पावसाळ्यात टायमर प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलची पुडी टाकून ठेवावा, कारण आपल्याकडची ओल माइकच्या जाळीतून आत शिरते.

नावं विचाराल तर कॉम्पिटिशन इलेक्ट्रॉनिक्सचा पॉकेट प्रो, पॅक्टचा क्लब टायमर, सीईडी ७००० आणि शूटर्स ग्लोबलचा एसजी टायमर ही जगभर दिसणारी. पहिले दोन जुन्या वळणाचे, ९ व्होल्टवर चालणारे, दणकट. सीईडी ७००० छोटा, चार्जिंगचा. एसजी टायमर फोनशी बोलणारा. यातला सगळ्यात चांगला कुठला, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. तुमच्या रेंजवर, तुमच्या .२२ वर, शेजारी मारत असताना जो पाचाला पाच आणि शून्याला शून्य दाखवतो तो.

एकट्यानं घेण्यापेक्षा चौघापाच जणांनी मिळून घेतला तर खर्च अंगावर येत नाही, आणि टायमर काही रोज प्रत्येक गोळीला लागतही नाही. कोल्हापूर बेळगावहून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर. तिथं २५ मीटरवर मारणारे कुणी ओळखीचे असतील तर एक दिवस त्यांचं यंत्र हाताळून मग मागवा. जुना मिळत असेल तर बॅटरीचा कप्पा उघडून हिरवी बुरशी चढली नाही ना ते बघा, माइकची जाळी फाटली नाही ना ते बघा, आणि वरची परीक्षा घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. सामायिक टायमरच्या पाठीवर कागद चिकटवा: कुठली रेंज, कुठलं पिस्तूल, सेन्सिटिव्हिटी किती, कान बंद किती वेळ. आयपीएससीवाल्यानं ०.०८ वर ठेवून गेलेलं यंत्र रॅपिड फायरवाल्यानं २५ मीटरच्या रेंजवर, जिथं समोरच्या भिंतीचा आवाज ०.१५ सेकंदानं परततो, तसंच वापरलं तर संध्याकाळभर भिंतीच्याच गोळ्या मोजल्या जातील.